सफरचंदाची पांढरी बाजू कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीकथा जुनाट झाल्या, आजच्या मुलांसाठी त्या नव्याने लिहायला हव्यात, असा सूर बालसाहित्यावरच्या चर्चेत वरचेवर ऐकू येतो. नव्याने लिहायला कुणाचीच हरकत नसावी. इटलीचा बासिले, फ्रान्सचा पेरो, जर्मनीचे ग्रिम बंधू अशा एकेका कथाकाराच्या हाताखालून जवळजवळ चारशे वर्षे पुन्हा पुन्हा लिहिल्या गेल्या, म्हणूनच तर या कथा आपल्यापर्यंत पोचल्या. माझी तक्रार आहे ती पुनर्कथनात नेमकी कात्री कुठे लागते याबद्दल. चित्रमय आवृत्त्यांमध्ये बहुतेक वेळा कथेतली आवर्तने आणि नेमके तपशील गाळले जातात, आणि त्या जागी विशेषणे व खुलासे येतात. मग कथा पोकळ वाटू लागते आणि दोष मात्र जुन्या कथेच्या माथी मारला जातो.

हिमगौरी आणि सात बुटक्यांचीच गोष्ट घ्या. ग्रिम बंधूंच्या पाठात सावत्र आई असलेली राणी हिमगौरीचा जीव घ्यायला वेषांतर करून बुटक्यांच्या घरी तीनदा येते. पहिल्यांदा ती रेशमी नाड्या विकायला येते. हिमगौरी बिनधास्त दार उघडते, राणी तिच्या अंगावरची नाडी श्वास कोंडेल इतकी आवळते. बुटके येऊन नाडी कापतात, ती शुद्धीवर येते. दुसऱ्यांदा विषारी फणी. या वेळी ती आधी नकार देते, मग मोहाला बळी पडते. बुटके फणी काढतात, ती पुन्हा वाचते. तिसऱ्या खेपेला ती दार उघडतच नाही, खिडकीतूनच बोलते आणि काही घ्यायला साफ नकार देते. म्हणून तर राणीला सफरचंद कापून अर्धे स्वतः खाऊन दाखवावे लागते. म्हणजे मुलगी दर वेळी थोडी शहाणी होत जाते आणि राणीचा डावही त्याच मापाने वाढत जातो.

बहुतेक सचित्र पुस्तकांत पहिल्या दोन भेटी उडवलेल्या असतात. उरते ती एवढीच गोष्ट, की अनोळखी म्हातारी येते आणि मुलगी तिच्या हातचे खाते. ‘ही नायिका फारच भोळी आहे,’ असा आक्षेप मग त्याच पुस्तकावरून घेतला जातो. दुसरे नुकसान शेवटाजवळ होते. मूळ पाठात बुटके तिसऱ्या वेळी आधी तिच्या नाड्या सोडतात, केस विंचरून पाहतात, पाण्याने आणि द्राक्षमद्याने तिला धुतात. पूर्वी ज्यांनी गुण आला तेच उपाय ते आधी करून पाहतात, आणि या वेळी एकाचाही उपयोग होत नाही, कारण विष आता घशात आहे. पहिल्या दोन भेटी कापल्या की या शोधाशोधीला काही अर्थच राहत नाही.

आता ते सफरचंद. ते एका बाजूने पांढरे आणि एका बाजूने लाल आहे, विष फक्त लाल बाजूला आहे. सगळी युक्ती यावरच उभी आहे. तरीही मुखपृष्ठावर आणि आत सफरचंद सगळीकडून लालबुंद रंगवलेले दिसते. ते लाल असावे हा जणू रिवाजच पडला आहे. चित्र पाहणारे मूल साहजिकच विचारते, मग राणीला विष कसे नाही बाधले? आणि पाठाकडे परत गेले तर आणखी काही हाती लागते. कथेच्या सुरुवातीला बर्फावर रक्ताचे तीन थेंब पडतात आणि आई बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल, आबनुसाच्या लाकडासारख्या काळ्या केसांची मुलगी मागते. मुलीचा जन्म ज्या रंगांच्या मागणीतून झाला, त्यातलेच दोन रंग राणीने फळात घातले आहेत. जो चित्रकार हे पाहतो त्याला अख्ख्या पुस्तकाची रंगयोजना आयती मिळते: लाल, पांढरा, काळा, आणि बाकी सारे फिके.

परीकथा पिढ्यान्पिढ्या चित्रकारांना का खुणावते, याचे उत्तरही मला इथेच दिसते. ती चेहरे वर्णन करत नाही. नाक, डोळे, खोलीतले सामान, जंगलातली झाडे, कशाबद्दलच ती फारसे बोलत नाही. पण एखादी वस्तू, एखादा रंग, एखादा आकडा अगदी ठामपणे सांगते. एवढे ठाम तपशील सांभाळले की उरलेली सारी जागा चित्रकाराची. म्हणूनच पेरोच्या कथांच्या 1862 च्या आवृत्तीत फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरेने लाल टोपीवालीला लांडग्याच्या शेजारी पलंगावर बसवले, लांडग्याच्या डोक्यावर आजीची झालरीची टोपी चढवली, आणि हल्ला मात्र दाखवलाच नाही. मुलगी चादर ओढून घेत त्याच्याकडे पाहते आहे, एवढेच. इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅमने 1909 मध्ये ग्रिमच्या कथांसाठी 40 रंगीत चित्रे दिली. त्याची रीत शाईच्या रेषेवर पातळ रंगाचे हात देण्याची होती, आणि तेव्हाच्या तीनरंगी छपाईला ती मानवली. आकाराची कड रेषा धरून ठेवते, रंग मंद असले तरी चित्र विस्कटत नाही.

चित्रांनी या कथांना वाचक मिळवून दिले, हे तर इतिहासच सांगतो. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाचा 1812 चा पहिला खंड चित्रांशिवाय, विद्वत्तापूर्ण टिपांसह निघाला होता. 1823 मध्ये इंग्रजी अनुवाद इंग्रज चित्रकार जॉर्ज क्रुकशँकच्या चित्रांसह आला. त्यानंतर 1825 मध्ये बंधूंनी निवडक 50 कथांची छोटी आवृत्ती काढली; तिच्यातली सात चित्रे त्यांचा धाकटा भाऊ लुडविग एमिल याची होती. घरोघरी पोचली ती ही छोटी आवृत्ती.

अडचण कुठे येते, तर पानांच्या हिशेबात. चित्रपुस्तक सहसा 32 पानांचे, म्हणजे सोळा पानी दोन फर्मे (एकत्र छापून दुमडलेले पानांचे गठ्ठे). शीर्षकपान, श्रेयपान वगैरे वजा जाता कथेला तेरा-चौदा जोडपाने, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. हिमगौरीची पूर्ण गोष्ट अडीच हजार शब्दांच्या आसपास जाते. ती तेवढ्या जागेत कोंबायची तर दर जोडपानावर पावणेदोनशे शब्द येतात, चित्राला श्वास उरत नाही, आणि मग संपादक दोन भेटी कापतो. इथे एक फर्मा वाढवून 48 पाने करावीत. वीस-बावीस जोडपाने मिळतात, शब्द सव्वाशेच्या खाली येतात, तिन्ही भेटी राहतात. तेवढे परवडत नसेल तर गोष्टच आखूड निवडावी. बेडूकराजाची कथा 32 पानांत आरामात मावते. (तिथेही मूळ पाठात चुंबन नाही. राजकन्या बेडकाला भिंतीवर आपटते आणि त्याचा राजपुत्र होतो. हिमगौरीही चुंबनाने उठत नाही. तिची शवपेटी वाहणारे सेवक ठेचकाळतात आणि धक्क्याने घशातला तुकडा बाहेर पडतो.)

पान उलटणे हे या पुस्तकांचे सर्वांत मोठे अस्त्र आहे आणि तेच सर्वांत जास्त वाया जाते. दारावरची थाप उजव्या पानाच्या शेवटी यावी, दारात कोण आहे ते पान उलटल्यावर दिसावे. प्रत्यक्षात थापेच्याच पानावर खिडकीबाहेर हिरव्या चेहऱ्याची चेटकीण काढलेली असते. मूल शब्द ऐकण्याआधी चित्र वाचते, त्यामुळे भीती आणि उत्सुकता दोन्ही तिथेच संपतात. मांडणी करताना आधी नुसत्या कच्च्या चौकटी काढून, पाने दुमडून, एकदा मोठ्याने वाचत उलटून पाहिले तर ही चूक तासाभरात सापडते.

छपाईतल्या दोन गोष्टी तेवढ्या सांगतो. गोंदाने बांधलेले पुस्तक मधोमध पूर्ण उघडत नाही, दोन्ही बाजूंचा साधारण सेंटीमीटरभर भाग कण्यात जातो. जोडपानभर पसरलेल्या चित्रात चेहरा किंवा हात त्या पट्ट्यात आला की तो चेपलाच. चित्रकाराला बांधणी कोणती ते आधी सांगायला हवे. शिवलेल्या बांधणीत ही अडचण बरीच कमी होते. दुसरे, काळोख्या जंगलावर पांढरी बारीक अक्षरे. असे अक्षर चारही रंगांच्या छपाईत कोरे सोडावे लागते; त्यातला एक रंग केसभर सरकला तरी वेलांट्या आणि अनुस्वार बुजतात. तिथे ठसठशीत अक्षर घ्यावे, नाहीतर मजकुरासाठी चित्रातच फिकी जागा सोडावी.

दोन पाठांची सरमिसळ हाही नेहमीचा घोटाळा. पेरोच्या 1697 च्या सिंड्रेलात परी आहे, भोपळ्याची गाडी आहे, काचेची सपात आहे. ग्रिमच्या सिंड्रेलात परी नाही. आईच्या थडग्यावरचे झाड आणि त्यावरचा पक्षी तिला पोशाख देतात, सपात सोन्याची आहे. दोन्ही एकत्र केले की पोशाख देणारे दोघे होतात, आणि आईच्या झाडावर तिने ढाळलेल्या अश्रूंना काही कामच उरत नाही. कोणताही एक पाठ धरावा.

राहिला क्रौर्याचा प्रश्न. हिमगौरीच्या शेवटी राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत नाचावे लागते. मूळ पाठ हे दोन-तीन वाक्यांत उरकतो. रक्त नाही, आरडाओरडा नाही. हे काढून टाकले तर तीनदा जीव घ्यायला आलेल्या बाईचे पुढे काय झाले, हा प्रश्न मूल विचारतेच. वाक्ये ठेवावीत आणि चित्रात चिमट्याने धरून आणलेले जोडे तेवढे दाखवावेत. अगदी लहान वयासाठी हे नको वाटत असेल, तर ब्रेमेनच्या वादक प्राण्यांची गोष्ट निवडावी, हिमगौरीला बोथट करू नये.

प्रकाशकांना विनंती एवढीच, की श्रेयपानावर मूळ पाठ कुणाचा, कोणत्या सालच्या आवृत्तीचा, हे छापावे, आणि अनुवादक व चित्रकार दोघांची नावे सारख्याच टायपात द्यावीत. आपल्या वृत्तपत्रातही सचित्र परीकथांचे परीक्षण येते तेव्हा ‘चित्रे आकर्षक आहेत’ या एका वाक्यावर चित्रकाराची बोळवण होऊ नये. परीक्षकाने राणीच्या भेटी मोजाव्यात, पाने उलटून पाहावीत आणि सफरचंद कोणत्या रंगाचे काढले आहे ते वाचकांना सांगावे.

आपला,
एक वाचक