तुमच्यासाठी शोधलेलं हॉटेल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकिटं झाली, इन्शुरन्सही झाला. आता एकाच गोष्टीबद्दल सविस्तर लिहायचंय. मागच्या खेपेला बाहेर जेवायचा विषय निघाला की तुम्ही दोघं काहीतरी कारण काढून घरीच थांबायचात. कारण मला कळत होतं. आईला काय चालेल याची खात्री नाही, बाबांना गोंगाटात ऐकू येत नाही, आणि बिल बघून दोघांचाही जीव वरखाली. म्हणून यंदा हिवाळाभर मी घराजवळ एक साधंसं इटालियन हॉटेल शोधत होते. ते सापडलं.

इटालियनच का, तर न्यू जर्सीतल्या आपल्या ब्लूमफील्डच्या या भागात ते शेजाऱ्यांचंच जेवण आहे. 1880 ते 1920 या काळात इटलीतून सुमारे चाळीस लाख माणसं अमेरिकेत आली, त्यातली बहुतेक दक्षिणेकडची, गरीब शेतकरी घरांतली. आपल्या शेजारच्या नेवार्कमध्ये फर्स्ट वॉर्ड नावाची त्यांची मोठी वस्ती होती. 1950च्या दशकात ती पाडून तिथे सरकारी इमारती उभ्या केल्या आणि माणसं ब्लूमफील्ड, बेलव्हिल, नटलीकडे पांगली. त्यांचं सेंट लूसी चर्च मात्र अजून तिथेच उभं आहे. आपल्या पलीकडच्या घरातल्या आजींचं लहानपण त्याच वस्तीत गेलं. हॉटेलाचा पत्ता त्यांनीच दिला. इंटरनेटवर लोकांनी दिलेले तारे बघून मी जिथे जिथे गेले होते, त्यापेक्षा आजींचा शब्द खरा निघाला.

बाबा, लग्नाआधी गिरगावात तुम्ही ज्या खानावळीत जेवायचात, तिच्याबद्दल कितीदा सांगितलंय तुम्ही. कोणाला भात जास्त लागतो, कोणाला तिखट सोसत नाही, हे वाढप्याला न सांगता ठाऊक असायचं. हे हॉटेल तसं आहे. दहा-बारा टेबलं. वाढणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या असतील, नेहमीच्या गिऱ्हाइकांना नावानं हाक मारतात. मेनू एका कागदात मावतो. माझ्या मते हीच चांगल्या हॉटेलाची पहिली खूण. सात-आठ पानी मेनू असला की निम्मे पदार्थ फ्रीजरमधून येणार हे धरून चालावं. दुसरी खूण म्हणजे टोमॅटोचा सॉस. लसूण, ऑलिव्ह तेल आणि टोमॅटो, अर्ध्या तासात होणारा. त्यात साखर नको आणि तो घट्ट लगदाही नको. पाव त्यात बुडवून खाल्ला की टोमॅटोचा आंबटपणा जिभेला लागायला हवा. इथे लागतो.

आता आई, तुझ्यासाठी. या लोकांच्या जेवणाबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. मोठाले मीटबॉल घातलेली स्पॅगेटी, चिकन पार्मेजान (तळलेल्या चिकनवर टोमॅटोचा सॉस आणि चीज), हे पदार्थ अमेरिकेत घडले, कारण इथे मांस स्वस्त मिळू लागलं. इटलीत गावाकडे ते सणासुदीलाच मिळायचं. तिथलं रोजचं जेवण म्हणजे पास्ता, घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, वांगी. पार्मेजान हा पदार्थ मुळात वांग्याचाच, चिकन नंतर आलं. म्हणजे मेनूतलं जे आपल्याला चालतं, ते त्यांच्या पणज्यांचं जेवण आहे.

मी एका दुपारी, गर्दी नसताना, स्वयंपाकघरात जाऊन सगळं विचारलं. वांग्याचे काप एरवी अंड्यात बुडवून तळतात, आधी सांगितलं तर नुसत्या पिठात घोळवून वेगळ्या पॅनमध्ये तळून देतील. कोरडी स्पॅगेटी गव्हाच्या रव्याची आणि पाण्याची असते, तिच्यात अंडं नाही. ताज्या पास्त्यात असतं, तो घ्यायचा नाही. दाणे घातलेल्या सूपमध्ये ते डुकराचं मांस घालतात, म्हणून ते आपल्याला नाही. पण एस्करोल नावाची पालेभाजी आणि पांढरे दाणे लसणावर परतून देतात, त्यात चिकनचं पाणी घालू नका म्हटलं की घालत नाहीत. ब्रॉकली राब ही भाजी तुला नक्की आवडेल. कडवट असते, आणि लसूण, सुकी लाल मिरची सढळ हातानं. चीजचं मात्र स्पष्ट सांगते. पार्मेजान चीजसाठी दूध विरजायला वासराच्या जठरातला पदार्थ वापरतात. ते वरून किसायला आले तर नको म्हण, कोणी वाईट वाटून घेत नाही. मोझरेला चीजचं पाकीट मी बघितलं, त्यावर शाकाहारी विरजण लिहिलंय.

हॉटेलात दारू विकत नाहीत. न्यू जर्सीत असे परवाने तीन हजार वस्तीमागे एक एवढेच देतात, त्यामुळे बऱ्याच छोट्या हॉटेलांकडे ते नसतातच. लोक आपापली बाटली घरून घेऊन येतात. आपल्याला याचा फायदा असा, की बार नाही, मोठा टीव्ही नाही, आणि बाबांना समोरच्याचं बोलणं ऐकू येतं. संध्याकाळी पाचला गेलं तर बरोबरीची मंडळी तुमच्याच वयाची असतात. दाराशी पायरी नाही, बाथरूम त्याच मजल्यावर. घरापासून सपाट रस्त्यानं दहा मिनिटं, वाटेत बसायला बाक आहे. ताटं मोठी असतात, एक मागवून दोघांत पुरतं, उरलं तर डब्यात भरून देतात. बिलाची काळजी करू नका, मी सगळा हिशेब बघितलाय.

आई, एवढंच ठरव. तिथे त्याच स्वयंपाकघरात मांस शिजतं. पॅन वेगळा असला तरी ओटा एकच आहे. हे तुला चालणार नसेल तर मोकळेपणानं सांग, मी जराही नाराज होणार नाही. मग पलीकडच्या आजींनाच आपल्याकडे जेवायला बोलावू, त्यांना तुझी डाळिंबी उसळ खायचीच आहे. चालणार असेल तर तुम्ही आल्यावर पहिल्या मंगळवारी पाचचं टेबल सांगून ठेवते, सोमवारी ते बंद असतात.

बाबांच्या साखरेच्या गोळीची आताची वेळ कोणती, तेही कळवा, म्हणजे जेवणाची वेळ त्याप्रमाणे धरता येईल.

तुमची लाडकी,
लेक