टोर्नेडोचे छायाचित्र आणि परतीचा रस्ता

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील टोर्नेडोचे सायंकाळी टिपलेले छायाचित्र ‘चक्रीवादळ’ अशा ओळीसह प्रसिद्ध झाले आहे. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते आणि शेकडो किलोमीटर पसरते. टोर्नेडो हा एकाच गडगडाटी ढगातून जमिनीला टेकणारा भोवरा असतो आणि बहुधा काही मिनिटांत विरतो. ही चूक किरकोळ आहे. मात्र हौशी पर्यटकांनी हा थरार अनुभवावा, असे सोबतच्या मजकुरात सुचवले आहे, त्याची मला अधिक काळजी वाटते.

मी नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात होतो आणि मे महिन्यात अनुभवी मित्रांबरोबर टोर्नेडोच्या पाठलागाला गेलो आहे. दिवसभर जमीन तापल्यावर मेक्सिकोच्या आखाताकडून आलेल्या दमट हवेतून दुपारनंतर ढग उभे राहतात, त्यामुळे मोक्याची वेळ बहुधा संध्याकाळचीच असते. वादळ सहसा ईशान्येकडे सरकते म्हणून आपण त्याच्या आग्नेयेला थांबायचे. मग मावळतीचा उजेड ढगाच्या तळाखालून येतो आणि टोर्नेडोची काळी सोंड त्यावर स्पष्ट उमटते. वारा आपल्या पाठीमागून वादळाकडे ओढला जातो, शेतातला गहू त्याच दिशेने लवतो आणि कॅमेऱ्याची तिवई हाताने दाबून धरावी लागते. ते दृश्य मी आजही विसरलेलो नाही. पण उजेड गेला की सोंड केवळ विजेच्या लखलखाटात दिसते आणि दोन लखलखाटांच्या मधल्या अंधारात ती कोणीकडे वळली, हे कळत नाही.

31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातील एल रीनो या गावाजवळ तर अंधार पडण्यापूर्वीच, पावसाच्या पडद्याआड, सुमारे 4.2 किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो अचानक वळला. त्यात टिम समारस, त्यांचे पुत्र पॉल आणि सहकारी कार्ल यंग मृत्युमुखी पडले. हे समारस म्हणजे 2003 मध्ये साउथ डकोटात टोर्नेडोच्या वाटेत उपकरण ठेवून हवेच्या दाबातील 100 मिलिबारची घट नोंदवणारे संशोधक. इतक्या जाणत्या माणसांनाही निसटता आले नाही, तिथे नवख्या पर्यटकाचे काय होईल?

माझे मित्र गाडीचे तोंड दक्षिणेकडे जाणाऱ्या पक्क्या रस्त्याकडे वळवून, इंजिन चालू ठेवून मगच तिवई उघडत आणि अंधारू लागताच, कितीही मोह झाला तरी, माघारी फिरत. पुढील अंकात निदान एवढी सूचना आपण ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक