पिल्लू संक्रांतीला मिळणार नाही

गोडोली, सातारा
१२ जानेवारी

प्रिय बंड्या,

संक्रांतीला येतोस तर ये, गुळाच्या पोळ्या आहेतच. पिल्लू मात्र मिळणार नाही. फोनवर तू फुगलास, म्हणून सगळं लिहितोय.

आमची कुत्री चिंगी ८ डिसेंबरच्या पहाटे जिन्याखाली पोत्यावर व्याली. सहा पिल्लं. इथली थंडी तुला माहीत आहे, अजिंक्यताऱ्यावरून उतरते ती थेट फरशीत शिरते. उजाडल्यावर बघतो तर एक पिल्लू घोळक्यातून सुटून भिंतीकडे गेलेलं. हातात घेतलं, तर माठाखालच्या वाळूसारखं गार. मी शहाण्याने गाईचं दूध कोमट केलं, त्याला उताणं धरलं आणि ड्रॉपरने पाजलं. दूध नाकातून आलं. दुपारी गेलं बिचारं. डॉक्टर एवढंच म्हणाले, गारठलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही, आधी ऊब, मग दूध. आणि पाजायचं ते पालथं ठेवून, आईला पितं तसं. अजून रात्री आठवतं.

मग खोक्यावर साठचा बल्ब टांगला आणि एका कोपऱ्यात गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली. एकाच कोपऱ्यात, कारण उकडलं तर सरकायला जागा हवी. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना अंगात ऊब धरता येत नाही. अरे, शू-शीसुद्धा आपली आपण होत नाही, आई चाटते तेव्हाच होते! बायकोचा केकचा वजनकाटा मी पळवला आणि रोज सकाळी पाचही जणांची वजनं वहीत लिहायला लागलो. सगळ्यात बारकं, पांढऱ्या पंजाचं, २१० ग्रॅमचं होतं. दहाव्या दिवशी ४३० भरलं तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगत सुटलो. तेराव्या दिवशी त्याचा एक डोळा किलकिला झाला, निळसर, धुकट. दुसरा दुसऱ्या दिवशी.

बरं चाललंय म्हणेपर्यंत २५ तारखेला रात्री चिंगी थरथरायला लागली. जीभ बाहेर, पाय ताठ, पिल्लांजवळ बसेना. मला वाटलं, थंडी वाजतेय, म्हणून गोधडी टाकली. पण अंग तर तापलेलं! रिक्षात घालून नेली. दुधावाटे कॅल्शियम जाऊन रक्तातलं कमी पडलं होतं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, अगदी थेंबाथेंबाने, दुसऱ्या हाताने छातीला स्टेथोस्कोप धरून. भराभर दिलं तर हृदयच बंद पडायचं. त्यानंतर पूर्ण दिवसभर पिल्लं तिच्यापासून तोडली. पिल्लांच्या दुधाची पावडर, बाटली, दर चार तासांनी आम्ही दोघं, पहाटे तीनलासुद्धा.

आता मऊ भात नि कुस्करलेलं अंडं खातात, म्हणजे निम्मं खातात, निम्म्यात लोळतात. जंताचं औषध झालंय, पहिली लस पुढच्या आठवड्यात. दिवसभर एकमेकांचे कान चावतात. जोरात चावलं की दुसरं केकाटतं, खेळ थांबतो. किती जोरात चावायचं हे असंच कळतं त्यांना. आत्ता उचलून नेलंस तर तो धडा तुझ्या पोराच्या हातावर होईल.

२ फेब्रुवारीला आठ आठवडे भरतात. त्यानंतरच्या रविवारी ये. पांढऱ्या पंजाचं तुझंच, कुणाला देत नाही. येताना एक वजनकाटा आण, ही आता जुना काटा स्वयंपाकघरात घेईना.

तुझा,
आप्पा