‘गो’चे ‘वेन्ट’ कसे झाले?

महोदय,

‘गो’ या इंग्रजी क्रियापदाचा भूतकाळ ‘वेन्ट’ का होतो, असे विचारणाऱ्या मुलांना बहुधा ‘तो अपवाद आहे, पाठ करा’ एवढेच उत्तर मिळते, याचे वाईट वाटते. ‘वेन्ट’ हा मुळात ‘वळणे, वाट धरणे’ अशा अर्थाच्या ‘वेन्ड’ या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ असून, ‘सेन्ड’चे ‘सेन्ट’ व्हावे तसा तो रीतसर तयार झाला. ‘गो’चे जुन्या इंग्रजीतील भूतकाळी रूप मागे पडत गेले आणि १५व्या शतकाच्या सुमारास ‘वेन्ट’ त्या जागी स्थिरावले. आपल्याकडेही ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूवरून, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपावरून आले आहे. हे साम्य पाठ्यपुस्तकात निदान तळटिपेत तरी द्यावे, अशी संबंधितांना विनंती आहे.

– एक वाचक