रेवा, आम्हाला शांत जागा नकोय

प्रिय रेवा,

आम्ही गोव्यात कायमचं राहायला यावं म्हणून तू पाठवलेले तिथल्या घरांचे तिन्ही ब्रोशर बघितले, बाबांनी मोबाइलवर आणि मी त्यांच्या खांद्यावरून. आसगावचा व्हिला छान आहे गं, नाही म्हणत नाही, फोटोतली ती ओसरी तर मलापण आवडली आणि तू म्हणतेस तसं इन्व्हेस्टमेंट म्हणूनही बरा असेल. पण उत्तर नाही असंच आहे. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस म्हणून सगळं लिहूनच काढतेय, एकदा शेवटपर्यंत वाच, जावईबापूंनाही वाचायला दे आणि मग काय भांडायचं ते भांड.

तिन्ही ब्रोशरवर एकच गोष्ट लिहिलीय, शांत, निसर्गरम्य, गजबजाटापासून दूर. अगं शांतता तर नाशिकला ढीगभर आहे! आपल्या गल्लीत आता संध्याकाळी सातनंतर माणूस दिसत नाही, सगळ्यांची पोरं पुण्याला नाहीतर बंगलोरला नाहीतर बाहेर, कट्ट्यावर बसायचं तर कोणाबरोबर बसायचं, वॉचमन तेवढा बोलतो आणि तोही मोबाइलवरून डोकं वर न काढता. मला शांतता नकोय. तुम्हा तरुण लोकांना दिवसभर कॉल, मीटिंग, ट्रॅफिक, म्हणून तुमची स्वप्नं शांततेची, आणि ती तुम्ही आमच्यासाठी बुक करता. आमच्या दिवसात आधीच काही घडत नाही, त्यात आणखी झाडं आणि पक्षी घालून काय करू?

गोवा ठरलं ते आधी थंडीमुळे. मामाला वाटतं माहेर म्हणून, वाटू दे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा माझे गुडघे आणि बाबांची छाती दोन्ही एकदम संपावर, हे तू बघितलंयस. इथे जानेवारीच्या पहाटेसुद्धा वीसच्या आसपास असतं, लोक पंखा लावून झोपतात. पण नुसत्या उबेवर जगायचं नाही ना, म्हणून मग गोव्यात कुठे हा प्रश्न, आणि त्यावरून आमच्याकडे जे झालंय ते तुला कळायला हवं.

मामाचं म्हणणं फोंडा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे सगळं जवळ, राजीव गांधी कलामंदिर आहे, नाटकं होतात, बाजार ओळखीचा, आणि मामी रोज खतखतं, ती मिश्र भाज्यांची आमटी, पाठवेल वगैरे. सगळं खरं. पण फोंड्यात मी या वयातही कुणाची तरी मुलगी आणि कुणाची तरी बहीण, आणि बाबा तर मरेपर्यंत जावई. जावयाने पिशवी घेऊन भाजी आणायला जाणं मामाला चालणार नाही, म्हणजे बाबा घरात बसणार, आणि बाबा घरात बसले की माझं काय होतं ते तुला सांगायला नको. बाबांचं मत मडगाव, कारण एकच, नाशिकरोडला मंगला एक्सप्रेसमध्ये बसलं की थेट मडगावला उतरता येतं. मी म्हटलं आपण राहायला चाललोय की परत जायला? म्हापसा मला आवडतं, पण शुक्रवारच्या बाजारासाठी, आणि शुक्रवारी कदंबच्या सरकारी बसने जाऊन मोयऱ्याची केळी घेऊन दुपारपर्यंत परत येता येतं, त्यासाठी तिथे बिऱ्हाड कशाला.

तर पणजी. जूनपासून सांतिनेजला भाड्याने आहोत हे तुला माहितीये, पण तुला वाटतंय आम्ही सुट्टीवर आहोत. तसं नाही, मी मुद्दाम पावसाळा निवडला. डिसेंबरात गोवा बघून घर घेणारे लोक वेडे, तेव्हा तर कुठलंही घर चांगलंच दिसतं. जूनमध्ये ये, भिंत हाताने दाबून बघ, कपाटात नाक घाल, मग ठरव.

आणि पावसाळा कसा असतो ते लपवणार नाही. सहा-सहा दिवस कपडे वाळत नाहीत, बाबांच्या चामडी चपलांवर हिरवी बुरशी आली, माझ्या दोन कॉटनच्या साड्यांना दमट वास लागला तो जातच नाहीये. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस म्हणजे काय हे आकडा वाचून कळत नाही. अठरा जून रस्त्यावर एका सकाळी घोट्याच्या वर पाणी होतं आणि बाबा त्यातून पेपर आणायला गेले, आणायला म्हणजे काय, बघायलाच. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव नकोसा होईल, तेव्हा आम्ही महिनाभर तुझ्याकडे हैद्राबादला येऊ, तिथे ऊन जास्त पण निदान कोरडं. शनिवार-रविवार मांडवीकाठी कॅसिनोच्या गाड्यांची ही रांग, भाड्याच्या गाड्या घेऊन आलेली पोरं उलट्या दिशेने घुसतात, आणि दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुरांच्या पुतळ्यांपुढच्या स्पीकरने पहाटेपर्यंत झोप नाही, हे मला लहानपणापासून माहितीये. तरीपण.

तरीपण सकाळी सहा-साडेसहाला खाली पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो, पाव, पोळी, काकणं, आणि बिल्डिंगमधली सगळी माणसं त्या पाच मिनिटांत जिन्यात भेटतात. दुसऱ्या मजल्यावरच्या मिसेस फर्नांडिस म्हणू या, खरं नाव लिहीत नाही, त्या रिटायर्ड शिक्षिका आहेत, त्यांचं कोंकणी आणि बाबांचं नाशिकचं मराठी अशी रोज जुगलबंदी चालते आणि दोघांना सगळं कळतं. मराठीत बोललं की इथे कोणी परकं समजत नाही, सकाळी गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत तिन्ही मिळतात, बाबा तिन्हींतले मृत्युलेख वाचतात, एकालाही ओळखत नसताना.

बाजार चालत दहा मिनिटं. ताळगावहून, आगशीहून बायका वांगी घेऊन बसतात, पावसात तायखिळा म्हणजे आपला टाकळा, फागलां म्हणजे कर्टुली, अळंबी आली तर अळंबी, आणि भाव करताना माझं कोंकणी ऐकून एक म्हणते, बाय तू आमगेलीच गो, आणि मग पाच रुपये जास्तच लावते. पहिली जून ते एकतीस जुलै ट्रॉलरना बंदी असते तेव्हा मासळी महाग, मी सुक्या बांगड्यावर दिवस काढले आणि बाबांना काही फरक पडला नाही, त्यांचा भाजी-पाव चालू होता, पातळ भाजी आणि मिरची भजी, गोव्याचे झालेत ते आत्ताच. संध्याकाळी पाऊस उघडला की कांपालवरून मिरामारपर्यंत चालत जातो, भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपाशी बसतो, तिथे आणखी आमच्यासारखेच पाच-सहा जण येतात आणि सरकार कसं चालवायचं ते ठरवतात. पणजी-बेती फेरीबोटीत चालत जाणाऱ्याला तिकीट लागत नाही, त्यामुळे बाबांना जेव्हा काही करायचं नसतं तेव्हा ते नदी ओलांडून जातात आणि चहा पिऊन परत येतात. विचारलं कुठे होता, तर म्हणे परदेशी.

आणि कला अकादमी! तुझ्या ब्रोशरमध्ये क्लबहाऊस आहे, तिथे कॅरम आणि योगा. इथे चार्ल्स कोरियांनी बांधलेलं थिएटर आहे, दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं, तिथे मराठी नाट्यस्पर्धा होते, गावागावातली मंडळं येतात, सूरश्री केसरबाई केरकरांच्या नावाने संगीत समारोह होतो, त्याच त्या केरीच्या केसरबाई ज्यांचं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात पाठवलं. नोव्हेंबरमध्ये इफ्फी, तो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून इथेच, डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी कला महोत्सव, मग कोसंबी विचार महोत्सवाची भाषणं. पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ सालचं, बाबा सिटीबसने जातात आणि एसीत बसून वाचतात, मला तर वाटतं एसीसाठीच जातात. नागपंचमीनंतर वास्कोला दामोदराच्या सप्ताहाला गेलो होतो, चोवीस तास अखंड भजन, बाबा रात्री अकराला म्हणाले आणखी थोडं थांबू. नाशिकला ते साडेनऊला झोपतात.

आता खरं कारण सांगते, ते तुला आवडणार नाही, पण तू मोठी आहेस.

आम्ही दोघं म्हणून घर बघतोय, पण कधीतरी दोघांतलं एकच राहणार आहे ना. मी त्या एकाचा विचार करून घर बघितलं. समजा बाबा राहिले. आसगावला त्या व्हिलात बाबा एकटे, आजूबाजूला दिल्ली-मुंबईच्या लोकांची घरं जी वर्षातून चार वेळा उघडतात, दूध आणायला गाडी, औषधाला गाडी, आणि बाबांचा रात्री गाडी चालवायचा कॉन्फिडन्स गेलाय हे ते तुला सांगत नाहीत. त्यांना वरण-भात सोडून काही येत नाही. इथे ते खाली उतरले की खाणावळ आहे, फार्मसी आहे, न्हावी आहे, सकाळी पोदेराला ते दिसले नाहीत तर दुसऱ्या मजल्यावरून बेल वाजेल. आणि समजा मी राहिले, तर मला तर गाडी येतच नाही, मी आयुष्यभर मागे बसले. पण मला कदंबची खिडकी कुठे, मडगावची नॉन-स्टॉप कुठून सुटते, पिवळ्या-काळ्या मोटारसायकल टॅक्सीच्या पायलटला किती द्यायचे, हे सगळं येतं. पायलटच्या मागे या गुडघ्यांनी बसणं वेगळा विषय आहे, पण बसले होते एकदा, बाबांना सांगू नकोस.

दवाखान्याचं तू विचारलंस म्हणून. बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, इथून सहा-सात किलोमीटर, १८४२ मध्ये सुरू झालेल्या पोर्तुगीजांच्या मेडिकल स्कूलमधून झालेलं, सरकारी आहे, गर्दी असते, नंबर लावून बसावं लागतं, पण सगळे स्पेशालिस्ट एका जागी. गोवा सरकारची दीनदयाळ विमा योजना आपल्याला लगेच मिळणार नाही, त्याला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, ते मी चौकशी करून आलेय. पण सत्तरच्या वरच्या सगळ्यांना आता आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत, उत्पन्न कितीही असो, म्हणजे बाबांचं काम झालं. माझी बँकेची पॉलिसी चालू ठेवायची, ती बंद करायचा विचारही करू नका कोणी.

घर विकत घ्यायचं नाही. निदान आणखी एक पावसाळा तरी नाही. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स झालंय, पोलिसांकडचा भाडेकरूचा फॉर्मही घरमालकाने भरलाय. बाबांना फोंताइन्हासमधल्या, पणजीच्या त्या जुन्या पोर्तुगीज वस्तीतल्या, एका जुन्या पिवळ्या घराने वेड लावलंय, दारापुढे तुळस नाही आणि गच्ची नाही तरी. त्यांना सांग, इथे जुना पोर्तुगीज नागरी कायदा आहे, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे विकणाऱ्याची बायको, त्याचे भाऊ, भावांच्या बायका, सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि त्यातला एखादा लिस्बनला असला की बसा. फ्लॅट घेतलाच कधी तर ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, सनद म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा कागद, टायटल सर्च, हे सगळं इथल्याच वकिलाकडून, ब्रोकरने आणलेल्या वकिलाकडून नाही. लिफ्ट हवी, तळमजला नको, आणि बाजारापासून पंधरा मिनिटांच्या पलीकडे एक मिनिट नको. नाशिकचा फ्लॅट विकायचा नाही, भाड्याने द्यायचा, त्यातून इथलं भाडं पूर्ण निघत नाही पण बरंचसं निघतं.

गणेश चवथीला फोंड्याला मामाकडे जायचंय, माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-वेलींची मांडणी, बांधायला बाबा पहिल्यांदाच असतील, तू आलीस तर बरं. दोन दिवस आधी ये, पणजीत फुटपाथवर माटोळीचा बाजार भरतो, रानातली फळं, वेली, कसली कसली, तुला अर्ध्याची नावं येणार नाहीत. विमानाने येणार असशील तर तिकीट काढताना मोपा आहे की दाबोळी ते बघून काढ आणि आम्हाला कळव, मागच्या वेळी जावईबापूंनी नुसतं गोवा एअरपोर्ट एवढंच सांगितलं होतं. दाबोळी थोडं जवळ पडतं.

आणि त्या व्हिलाला टोकन दिलं असशील तर आजच परत माग, लेखी माग. बाबांच्या वय वंदना कार्डासाठी सोमवारी जाणार आहोत. त्यांच्या आधारला तुझा नंबर लिंक आहे, ओटीपी तुझ्याकडे येईल. मी फोन केला की लगेच आकडे सांग, मीटिंगमध्ये आहे म्हणू नकोस.

आई