ओमच्या अभ्यासाच्या खोलीतला उजेड

ठाणे,
८ जुलै

प्रिय संदीप,

सप्रेम नमस्कार. ओम रात्री दोनपर्यंत पांढऱ्या ट्यूबखाली वाचतो, शाळेतून आला की पडदे ओढून तीन तास झोपतो, रविवारी अकराला उठतो; झोपेचे तास भरतात, तरी पाठ केलेलं टिकत नाही आणि चिडचिड वाढलीय, असं लिहिलंस. त्याला आळशी ठरवू नका. आधी त्याच्या डोळ्यांत उजेड कधी आणि किती जातो ते बघा.

डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवत असतात. निळसर उजेड त्यांना जास्त चेतवतो. २०१२ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ सामेर हत्तार यांच्या गटाने उंदरांना साडेतीन तास उजेड, साडेतीन तास अंधार अशा चक्रात ठेवलं. त्यांची एकूण झोप घटली नाही, तरी साखरेच्या पाण्याची ओढ कमी झाली (ही उदासीची खूण मानतात) आणि पाण्याखाली दडवलेला चौथरा शोधायला शिकणं जड गेलं. या पेशी नसलेल्या उंदरांवर मात्र तसा परिणाम झाला नाही. उंदराचं सगळं माणसाला लागू होत नाही हे खरं, पण झोप पुरली की झालं, असं म्हणता येत नाही एवढं यातून नक्की कळतं.

आता मोजमाप. अँड्रॉइड फोनवर लक्स, म्हणजे उजेडाचं एकक, मोजायचं ॲप घे. फोन टेबलावर ठेवलास तर टेबलावरचा उजेड मोजला जाईल. तो ओमच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्क्रीन त्याच्या नजरेच्या दिशेला करून धर. आकडा ढोबळच येईल, पण तुलनेला पुरतो. दिवसा किमान २५० लक्स, झोपेआधीचे तीन तास १०च्या आत आणि झोपताना १च्या आत, असं तज्ज्ञांनी २०२२मध्ये सुचवलंय. त्यांचं माप निळसर उजेडाला जास्त वजन देतं, म्हणून फोनचा आकडा त्याच्याशी तंतोतंत जुळणार नाही.

पावसाळ्यातही बाहेर काही हजार लक्स असतात. घणसोलीच्या तुमच्या हॉलमध्ये, काळी फिल्म लावलेल्या स्लायडिंगच्या आड, शंभरही भरायचे नाहीत. म्हणून सकाळी सातला अर्धा तास गॅलरीतच वाचू दे, वाळत घातलेले कपडे बाजूला सारून.

रात्री नऊनंतर ट्यूब बंद. २७०० केल्विनचा पिवळा दिवा, शेड डोळ्यांच्या पातळीखाली: वहीवर उजेड पडतो, डोळ्यांत थेट जात नाही. बहुतेक जण नुसता बल्ब बदलतात आणि तो उघडाच समोर ठेवतात, मग फारसा उपयोग होत नाही.

झोपायची वेळ एकदम दोनवरून अकरावर आणू नकोस, तो नुसता कूस बदलत पडेल. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे घे. उठायची वेळ मात्र रविवारीही तासाभरापेक्षा जास्त हलू देऊ नकोस. दुपारची झोप वीस मिनिटं, पडदे उघडे ठेवून.

दोन आठवड्यांनंतरही तो उदासच राहिला, जेवण-खेळ सुटले, तर दिव्यांवर विसंबू नकोस, डॉक्टरांना दाखव. तोवर सकाळ-रात्रीचे लक्स लिहून पाठव, बघून सांगतो.

वहिनींना नमस्कार, ओमला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश