वर्गणीचा गेम की विकतचा?

महोदय,

गेम वर्गणीवर खेळावा की विकत घ्यावा, याचा हिशेब सरळ आहे: मासिक वर्गणी गुणिले गेम संपवायला लागणारे महिने, आणि ही रक्कम गेमच्या किमतीशी ताडून पाहायची. १५-२० तासांच्या कथेला वर्गणीच परवडते. वर्षभर एकच गेम खेळणाऱ्याने तो विकत घ्यावा.

खरी फसगत डीएलसीत, म्हणजे मूळ गेमला जोडून वेगळ्या विकल्या जाणाऱ्या भागांत होते. गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणी-सेवेच्या यादीतून मूळ गेम निघाला की पैसे मोजून घेतलेला डीएलसी खात्यावर राहतो, पण चालत नाही. सेव्ह, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगती, मात्र शाबूत असतो. तेव्हा मूळ गेम यादीत असेपर्यंतच तो सभासद-सवलतीत घेऊन टाकावा.

अर्थात विकतचा गेमही बहुधा मालकी नसून खेळण्याचा परवानाच असतो. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या केवळ ऑनलाइन चालणाऱ्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा डिस्कवाल्यांचाही खेळ थांबला. केवळ ऑनलाइन चालणाऱ्या गेमसाठी पूर्ण किंमत मोजणे मला तरी पटत नाही.

– एक वाचक